डाव्या कानाची खूण

"आधी कान बघ," मालक म्हणाले, "मग झाडू उगार."

झाडू माझ्या हातात होता आणि पिल्लू गिरणीच्या मोटरखाली जाऊन बसलं होतं. अंगभर पीठ, डोळे तेवढे काळे. आमची गिरणी गावाच्या वेशीवर, त्यामुळे वाट चुकलेलं प्रत्येक जनावर आधी आमच्या दारात यायचं. मालक त्यातल्या एकालाही हाकलायचे नाहीत. हाकलायचं काम माझं, आणि नावं ठेवून घ्यायचंही.

मी वाकून पाहिलं. डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, जखम भरून आलेली.

"गाडीवाल्यांनी टोचलेलं हाय," मालक म्हणाले. "आता त्याला मारायचं न्हाई. भोंग्यावर सांगितलंय, ऐकलं न्हाईस?"

ऐकलं होतं. दिवाळीनंतर एका संस्थेची गाडी गावात आली होती. त्यांनी भटकी कुत्री जाळ्या टाकून धरली, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं, पिसाळू नयेत म्हणून लस टोचली आणि परत आणून सोडली. टोचलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. भोंग्यावर एक पोरगी दिवसभर सांगत फिरत होती, कान कापलेल्या कुत्र्याला घाबरू नका, दगड मारू नका. लहान पिल्लांबद्दलही ती काहीतरी सांगत होती, की त्यांना आत्ता टोचलेलं नाही, त्यांच्यासाठी पुन्हा येऊ. पण तोवर गावाने आपल्याला हवं तेवढं ऐकून घेतलं होतं. कान कापलेला म्हणजे भीती नाही. झालं.

"राहू दे मग," मी म्हटलं. "पण पिठाच्या डब्यात तोंड घातलं तर तुम्हाला दोघांना एकदमच बाहेर काढीन."

मालक हसले. मालक म्हणजे माझे यजमान, दिनकर. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. हयातीत कधी त्यांचं नाव घेतलं नाही, लिहितानाही तोंडात मालकच येतं. आम्हाला मूल नव्हतं. त्याचं दुःख मी भांडून काढायची आणि ते जनावरं पाळून.

रस्त्यापलीकडे विलासभाऊजींची गिरणी होती. हे मालकांचे धाकटे भाऊ. सासरे होते तोवर दोघे भाऊ एकाच गिरणीवर राबले. सासरे गेले आणि भाऊजींनी समोरच नवं यंत्र मांडलं, हळद-मिरची कांडायच्या सोयीसकट. एवढ्याशा गावाला दोन गिरण्या कशाला, हे मी त्यांच्या दारात जाऊन विचारलं आणि विचारताना तोंडाला येईल ते बोलले. भाऊजीही काही मागे राहिले नाहीत. तेव्हापासून येणं-जाणं बंद. जाऊ, कमल, पाणवठ्यावर भेटली तरी मान वळवायची. आणि त्यांची स्वप्नाली, जी आमच्याच ओट्यावर रांगायला शिकली, तिलाही रस्ता ओलांडायची बंदी. तिसरीतली पोर ती. त्या सगळ्या भांडणात मालकांना लागलं होतं ते तेवढंच.

पिल्लाचं नाव पिठ्या पडलं. आठवडाभर ते मालकांच्या पायात पायात करत होतं. मग एका दुपारी वीज गेली म्हणून मालक पायरीवर बसले आणि दुधात कुस्करलेली भाकरी त्याला हाताने भरवू लागले. लाड करायचे म्हणजे तोंडाशी तोंड नेऊनच करायचे, ही त्यांची खोड. पिठ्याने एकदम त्यांचा खालचा ओठ धरला. खेळात धरतं तसं नाही. सोडेना. मी आतून आले तेव्हा मालकांच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ते मलाच हात दाखवून गप्प राहा म्हणत होते.

मी जखमेवर हळद दाबली. "चला तालुक्याला. सुई घ्यायला पाहिजे."

"कशापायी? टोचलेलं हाय न्हवं ते?"

"मला नाही पटत. पिल्लू झालं तरी कुत्रंच."

"अगं दुधाचं दात हायती त्येचं. ताटली लवकर काढली म्हणून चिडलं. आन तालुक्याला जायचं म्हंजी दिवसभर गिरणी बंद. दळणं समद्यांची समोर जातील. चालंल तुला?"

हे त्यांनी मुद्दाम काढलं. मला गप्प करायचा तो एकच उपाय होता आणि तो त्यांना चांगला ठाऊक होता. मी पिठ्याचा कान पुन्हा एकदा धरून पाहिला. खूण होती. मग मी भाकरी थापायला गेले.

दोन-तीन दिवसांत पिठ्या बिघडला. भाकरीला तोंड लावेना, पण रिकामी पोती चावत बसायचा, माती खायचा. आवाज बसला. भुंकायला गेला तर घशातून नुसती घरघर यायची. हाक मारली की मोटरच्या मागे अंधारात सरकायचा. एका सकाळी तो दिसलाच नाही. मालक ओढ्यापर्यंत जाऊन शोधून आले, त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत. मला मात्र खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं.

महिना उलटून गेला असेल. शेतात ज्वारीच्या काढण्या चालल्या होत्या. त्या हंगामात आसपासच्या रानात धनगरांचा तळ असायचा, आणि त्यांच्यातली ठकूबाई आमच्याकडे बाजरी दळायला यायची. त्या दिवशी ती आली, गठुडं खाली ठेवलं आणि दारातच उभी राहिली. मालक तिच्या आधी आलेली बाजरी दळत होते. दोन दिवस ते एकसारखे ओठ चोळत होते. मुंग्या येतात म्हणत होते, आतून जळल्यासारखं वाटतं म्हणत होते. मी म्हटलं होतं, तंबाखू कमी करा.

"बाई, इच्यारायचं व्हतं," ठकूबाई म्हणाली. "आमचं एक पिल्लू हिकडं आलं व्हतं का? पांढरट. डावा कान कापल्यालं."

"आलं होतं एक," मी म्हटलं. "पण ते तुमचं नसणार. ते गाडीवाल्यांनी टोचलेलं होतं."

"कसली गाडी?"

"कान कापून सोडतात ती."

ठकूबाईने माझ्याकडे पाहिलं. "त्येचा कान आमच्या म्हाताऱ्यानं कापलाय, बाई. लोकर कातरायच्या कातरीनं. आमी समद्याच पिल्लांचं कान कापतो. मोठी झाल्यावर लांडग्याला कान धराया घावू नये म्हणून."

"आणि टोचणी?"

"आमाला कोण टोचतंय? आज ह्या रानात, उद्या त्या रानात." मग तिचा आवाज खाली गेला. "दिवाळीच्या वक्ताला तळात कोल्हं शिरलं व्हतं. त्येनं आमच्या कुत्रीला फाडली. ती पिसाळली. तिनं आपलीच पिल्लं चावली. म्हाताऱ्यानं तिला मारली, पिल्लं बी मारली. ह्ये एक निसाटलं. कवाधरनं हुडकतीया. कुणाला चावलं तर न्हाई न्हवं?"

मी मालकांकडे पाहिलं. त्यांचा हात ओठावर होता. बाजरी अर्धी दळून झाली होती, अर्धी तशीच वर होती, आणि त्यांनी मोटर बंद केली. अर्धं दळण ठेवून मोटर बंद केलेली मी आमच्या संसारात तोवर पाहिली नव्हती.

"इंदू," ते म्हणाले, "चल. जाऊया."

मी घाबरले की मला आधी पाणी सुचतं. मी तांब्या भरून आणला आणि भांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडापर्यंत नेलं. ओठाला लागायच्या आधीच त्यांचा गळा आवळल्यासारखा झाला, मान मागे गेली, भांडं हातातून सुटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय झालंय ते त्या क्षणी दोघांनाही कळलं.

जीप करून आम्ही थेट जिल्ह्याला गेलो. इस्पितळात त्यांना एका वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या भाचीच्या वयाची. खोलीत पाऊल टाकताच तिने आधी पंखा बंद करायला लावला, कारण वाऱ्याची झुळूक लागली तरी मालकांच्या घशाला पेटका येत होता. मग तिने मला व्हरांड्यात नेलं.

"काकू, मी खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "ह्यावर आता औषध नाही."

"सुई आहे ना? कितीही महाग असू दे."

"ती चावल्याबरोबर घ्यायची असते. लक्षणं दिसायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही. त्यांना त्रास कमी व्हावा एवढंच आम्ही बघू शकतो."

"किती दिवस?"

"दिवस म्हणू नका," ती म्हणाली.

मी तिच्याशी भांडले. दुसरं मला काही येत नव्हतं. तुम्हाला जमत नसेल तर मोठ्या डॉक्टरला बोलवा, पुण्याला पाठवा, असं काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, मग मलाच नर्ससमोर बसवून माझ्या दंडात सुई टोचली, कारण मी त्यांची जखम पुसली होती, त्यांची थुंकी माझ्या हाताला लागली होती. वर विचारलं, "ते पिल्लू आणखी कुणाला चावलं होतं का? नीट आठवून सांगा."

"नाही," मी म्हटलं. "आमच्याच घरात असायचं ते."

मी परत खोलीशी गेले. मालक शुद्धीत होते. त्या रोगाचं हेच भयंकर आहे, की मधूनमधून माणूस अगदी आपला असतो.

"दारातच थांब," ते म्हणाले. "जवळ येऊ नको. थुंकी उडंल."

"येणार मी."

"इंदू. आज तरी ऐक."

मी उंबऱ्यावर बसले. ते आढ्याकडे बघत म्हणाले, "स्वपूला बी लागलंय."

मला आधी कळलंच नाही, ते कुणाबद्दल बोलतात.

"रोज यायची ती. तू नदीवर गेलीस की यायची. पिठ्याशी खेळाया. त्यो गायब व्हायच्या आदल्या दिवशी त्येनं तिच्या टाचेला धरलं. मी धुतलं, हळद लावली. घरी सांगितलं तर विलास तिला मारंल, माझ्याकडं येनं कायमचं बंद हुईल. म्हणून मीच तिला शप्पत घातली, कुणाला सांगायचं न्हाई."

मी तिथल्या तिथे भाऊजींना फोन लावला. त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन बंद होता. डॉक्टरीण म्हणाली, मी तिकडच्या आरोग्य केंद्रात कळवते, पण आज रविवार आहे, उद्यापर्यंत कुणी जाईल असं वाटत नाही. तिने एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं आणि म्हणाली, मुलीला अजून काही झालेलं नसेल तर वेळ गेलेली नाही, पण एक दिवसही दवडू नका.

"तू जा," मालक म्हणाले.

"तुम्हाला सोडून?"

"दुसऱ्या कुणाचं विलास ऐकायचा न्हाई. तू भांडशील." त्यांना पुन्हा पेटका आला. नर्सने मला मागे ओढलं. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "सिस्टरला सांग, माझं हात बांधा म्हणावं. कुणाला लागाया नगं. आन पोरीला सुई टोचल्याबिगर तू हलू नको."

मी त्यांचा मोबाईल नर्सकडे दिला, कसा उचलायचा ते दाखवलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेले नसते. एसटीत माझ्या शेजारी एक बाई शेंगा फोडून खात होती, तिने मलाही मूठभर दिल्या. मी त्या हातात धरून तासनतास तशीच बसले.

गावात शिरले तर वेशीपाशीच दोन कुत्री मरून पडलेली. पुढे चहाच्या टपरीमागे आणखी. ठकूबाईने गावाला सगळं सांगितलं होतं, आणि गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं होतं. कान कापलेली, न कापलेली, कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी मेली त्यातली बहुतेक टोचलेली कुत्री होती. पिसाळलेलं जनावर गावात शिरू न देणारी तीच होती, हे मला पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. म्हणून आजही गावातली पिल्लं तीन महिन्यांची झाली की मी स्वतः मांडीवर धरून टोचून घेते. ओरबाडतात, अंगावर मुततात. तरी घेते. पण त्या संध्याकाळी मला कुत्र्यांची दया करायलाही वेळ नव्हता.

काठीवाल्यांच्या पुढे विलासभाऊजीच होते. देवळाच्या भिंतीशी एक कुत्री पिल्लांना पोटाखाली घेऊन दात विचकत होती आणि भाऊजींनी काठी वर उचलली होती. मला बघून काठी तशीच राहिली.

"अण्णा कसा हाय?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"अण्णा जातायत," मी म्हटलं. "स्वपू कुठाय?"

"जातायत म्हंजी?"

"म्हंजे जातायत. तिला आणा आधी. तिलाही चावलंय."

भाऊजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माझी पोरगी तुमच्या दारात फिरकत न्हाई. कशाला तिचं नाव घेताय?"

"भाऊजी, भांडायचं असलं तर उद्या भांडू. मी आयुष्यभर आहे. पोरीला आणा."

कमल तिला घेऊन आली. स्वप्नालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीशी गुरगुरणाऱ्या त्या कुत्रीकडे, एकदा बापाच्या काठीकडे.

"गेली व्हतीस का ग अण्णाकडं?" भाऊजींनी विचारलं.

"न्हाई."

"पिल्लू चावलं व्हतं तुला?"

"न्हाई. गळ्याशप्पत."

"बघा," भाऊजी म्हणाले. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. मला अण्णाकडं जाऊ द्या, वहिनी. हितं येळ घालवू नका." आणि ते आपल्या गाडीकडे वळले. टाच पाहिली तर तीही साफ होती. महिन्याभरात एवढीशी जखम कुठली राहते? बाप म्हणून भाऊजींचा तिच्यावर विश्वास होता, त्यात त्यांचं काय चुकलं? मला मात्र त्या क्षणी त्यांच्या हातातली काठी घेऊन त्यांच्याच पाठीत घालावीशी वाटली.

मी स्वप्नालीसमोर जमिनीवर बसले. तिने गळ्याची कातडी चिमटीत धरली होती आणि सोडत नव्हती. पोरं शपथ पाळताना धरतात तशी.

"अण्णांनी मला सांगितलं, स्वपू. तूही सांग."

ती गप्प.

"तू सांगितलंस तर अण्णा रागावणार नाहीत."

गप्पच. चिमटी तिने आणखी घट्ट धरली. ज्याने शपथ घातली त्यानेच सुटली म्हणायला पाहिजे. आम्हीही लहानपणी हेच पाळलं होतं. मोडली तर घालणारा मरतो म्हणतात. ही पोर आपल्या अण्णांना जगवायला गप्प बसली होती.

मी मालकांच्या मोबाईलवर फोन लावला. नर्सने उचलला.

"ते बोलण्याच्या स्थितीत नाहीत आता," ती म्हणाली.

"एकच शब्द पाहिजे, सिस्टर. त्यांच्या तोंडाशी धरा. तुमच्या पाया पडते. सांगा, स्वपू ऐकतीय. सुटली म्हणा."

भाऊजी गाडी सुरू करायचे थांबले होते. मी आवाज मोठा करून फोन पोरीच्या कानाशी धरला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, घासल्यासारखा. नर्स काहीतरी सांगत होती. मग मालकांचा आवाज आला, पण तो त्यांचा आवाज आहे हे ओळखायला मला क्षणभर लागलं.

"स्वपू... सुटली."

पोरीने गळ्यावरचा हात काढला.

"शप्पत सुटली. काकी सांगंल तसं कर." आणि पुढे त्यांना बोलता येईना. नर्सने फोन बंद केला.

"टाचेला धरलं व्हतं," स्वप्नाली म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं. "पिठ्या माझी चप्पल वढत व्हता. मी पाय वढला. रक्त आलं थोडं. बाबा, आता ही पिल्लं बी मारणार का तुमी?"

भाऊजींच्या हातातून काठी कधी खाली पडली ते मी पाहिलं नाही. ते गुडघ्यावर बसले होते आणि पोरीची टाच दोन्ही हातांत धरून उलटीसुलटी करून बघत होते, जणू नीट पाहिलं तर जखम सापडेल. भिंतीशी ती कुत्री पिल्लं एकेक करून तोंडात धरून उकिरड्यामागे नेत होती, आणि काठ्या घेतलेली माणसं तिला जाऊ देत होती.

कुणीतरी जीप आणली. तालुक्याच्या इस्पितळात सुई मिळणार होती. मालक जिल्ह्याला, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुमी अण्णाकडं जावा. माझी गाडी घ्या, गिरणीवरचा गणपत चालवंल. पोरीला मी नेतो."

माझा पाय गाडीकडे वळला होता. सगळं अंग तिकडेच ओढत होतं. पण मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने समोरच्या दारात उभ्या असलेल्या भावाला एकदाही हाक मारली नव्हती.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "माझं सगळं बोलून झालंय. तुमचं राहिलंय."

ते गाडीत बसले आणि गेले.

तालुक्याच्या इस्पितळात जे व्हायचं तेच झालं. उद्या या, म्हणाले. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून दारात आडवी बसले आणि आवाज चढवला. कमलने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने तोंड उघडलं. शेवटी कपाटाची किल्ली असलेला माणूस घरून उठून आला. स्वप्नालीला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले, आणि माझा फोन वाजला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले. मागे इस्पितळातले आवाज येत होते.

"भेट झाली का?" मी विचारलं.

"न्हाई. अण्णा गेला तवा मी जिन्यातच व्हतो." आणि ते रडायला लागले. मोठा बाप्या माणूस, लहान पोरासारखा.

मला रडू आलं नाही. आतलं दार उघडलं. स्वप्नाली दंड धरून बाहेर आली, डोळे कोरडे, मान ताठ.

"काकी, दोन टोचल्या," ती म्हणाली. "एक टाचेत बी टोचली. अण्णांना सांगा, मी रडले न्हाई."

फोन माझ्या कानालाच होता. कमल माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला कळलं होतं.

"भाऊजी," मी फोनमध्ये म्हटलं, "अण्णांना सांगा, स्वपू रडली नाही."

पलीकडे एक दार उघडल्याचा आवाज आला.

"सांगतो," ते म्हणाले.